पेजेची वाफ आणि पश्चिमेचा वारा: ढवळीच्या एका चिमणीचे प्रकरण

२०२४ च्या जूनचा दुसरा आठवडा होता. फोंड्याजवळ ढवळीला राहणाऱ्या एका काकूंचा फोन आला. स्वयंपाकघरातल्या चिमणीतून शेगडीवर पाणी ठिबकत होते. "नुसतं पाणी नाही हो, तपकिरी, तेलकट. काल पेजेच्या टोपात पडलं, सगळी पेज ओतून द्यावी लागली." चिमणी आदल्या दिवाळीत घेतलेली. दुकानातून माणूस दोनदा येऊन गेला होता. दोन्ही वेळा त्याने आतला भाग पुसला, बाहेरच्या भोकाभोवती सिलिकॉन मारले आणि "पावसाचं पाणी आहे, पाऊस संपला की थांबेल" असे सांगून निघून गेला.

माझे रोजचे काम हॉटेलांच्या स्वयंपाकघरांतल्या धुराच्या डक्टचे, बहुतेक बार्देशच्या किनाऱ्याला. घरगुती चिमण्या मी सहसा हातात घेत नाही. पण काकूंचे पुढचे वाक्य ऐकले आणि गेलो. "आम्ही आता ती लावतच नाही. आवाज एवढा की कुकरची शिट्टी ऐकू येत नाही, आणि धूर जिथल्या तिथे." नव्वद सेंटिमीटर रुंदीची, खोक्यावर ताशी १२०० घनमीटर हवा ओढण्याची क्षमता छापलेली चिमणी, आणि तिच्याखाली बांगडा तळताना बाईच्या डोळ्यांतून पाणी. हे का होते ते एकदा मुळापासून बघायचे मी ठरवले. पुढे वर्षभर या घराशी संबंध राहिला. माझी पहिली समजूत चुकीची निघाली, तेही इथे लिहिले आहे, कारण शिकण्यासारखे बरेचसे त्या चुकीतूनच मिळाले.

घर आणि त्यातली हवा

इमारत चार मजली, काकूंचा फ्लॅट दुसऱ्या मजल्यावर. खांब आणि तुळया काँक्रीटच्या, मधल्या भिंती चिऱ्याच्या (जांभ्या दगडाच्या), नऊ इंची. स्वयंपाकघर दहा बाय आठ फूट. पश्चिमेच्या भिंतीला खिडकी. ओटा, चार बर्नरची शेगडी आणि वर चिमणी उत्तरेच्या भिंतीला. त्या भिंतीपलीकडे कपडे धुण्याची छोटी उघडी गॅलरी, लोखंडी ग्रिल लावलेली. न्हाणीघराची काचपट्ट्यांची लहान खिडकीही त्याच गॅलरीत उघडते, आणि न्हाणीघरात पाणी तापवायला गॅस गीझर. हा गीझर वाचकांनी लक्षात ठेवावा. मी तो पहिल्या दिवशी पाहिला आणि त्याच्याकडे दुर्लक्ष केले.

काकूंचे माहेर सावईवेऱ्याचे. तिथल्या जुन्या घरात चूल होती, वर मंगळुरी कौले. धूर कौलांच्या फटींतून आपोआप बाहेर जाई, जाताना वाशांना कीड लागू देत नसे, आणि चुलीवरच्या शिंक्यात ठेवलेली सोले पावसाळाभर कोरडी राहत. त्या घराला पंखा नव्हता, पण वर फट होती आणि खाली मागचे दार उघडे होते. गरम हवा वर, थंड हवा खालून, एवढ्यावर सगळे चालत असे. स्लॅबच्या घरात वरची फट गेली. तिच्या जागी आपण यंत्र लावले. खालच्या दाराचे काय, हे मात्र कोणी विचारले नाही.

आता ऋतूचे गणित पाहा. गोव्यात १ जून ते ३१ जुलै, ६१ दिवस, यांत्रिक बोटींच्या मासेमारीला बंदी असते. ताजे मासे दुर्मीळ आणि महाग होतात, तेव्हा घरोघरी सुके बांगडे, सुंगटे (कोळंबी), खारे मासे निघतात. सुका बांगडा तव्यावर किंवा थेट जाळावर भाजल्याचा वास ज्याला माहीत आहे त्याला वेगळे सांगायला नको. म्हणजे वर्षातला सर्वांत उग्र धूर नेमका त्याच दोन महिन्यांत होतो, जेव्हा पावसामुळे पश्चिमेची खिडकी गच्च बंद असते आणि त्याच पश्चिमेकडून वारा चिमणीच्या तोंडावर आपटत असतो. चिमणीची खरी परीक्षा तेव्हाच असते. दिवाळीत बसवलेली चिमणी नोव्हेंबरात छान चालली होती, कारण नोव्हेंबरात खिडकी उघडी होती.

काय बसवले होते

पहिल्या भेटीत मी छताखालच्या फॉल्स सीलिंगची एक चौकट काढून आत बॅटरी मारली.

चिमणीचे बाहेर पडण्याचे तोंड सहा इंची होते. त्याला लगेच रिड्यूसर लावून चार इंची केले होते. पुढे चार इंची अॅल्युमिनियमचा घड्यांचा लवचिक पाइप, सुमारे चौदा फूट, फॉल्स सीलिंगच्या आतून पश्चिमेच्या भिंतीपर्यंत. अंतर खरे तर अकरा फूट. उरलेला तीन फूट पाइप कापायचे कष्ट न घेता तो तसाच दाबून, सापासारखा वळवून बसवला होता. तीन ठिकाणी काटकोनात वळण. पश्चिमेच्या भिंतीत आधीच्या एग्झॉस्टसाठी केलेले चार इंची भोक तयार होते, म्हणूनच हा सगळा प्रवास. पाइपला मधे एकच क्लॅम्प, त्यामुळे दोन बाजूंना झोळ पडलेला.

इथे थोडे मोजमाप सांगतो, कारण "चार इंच काय नि सहा इंच काय, दोनच इंचांचा फरक" असे मी फिटरांच्या तोंडून पुष्कळदा ऐकतो. गोल पाइपचे क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गावर ठरते. सहा इंची पाइपचे तोंड २८ चौरस इंच, चार इंचीचे साडेबारा. निम्म्याहूनही कमी. तेवढीच हवा अरुंद पाइपातून ढकलायची तर अडथळा व्यास घटेल तसा जवळजवळ त्याच्या पाचव्या घाताने वाढतो, म्हणजे सहाचे चार केले की साडेसात पट. घड्यांचा पाइप ताणलेला नसला की त्यात आणखी भर, आणि प्रत्येक काटकोनी वळण काही फूट सरळ पाइप वाढवल्यासारखे. खोक्यावरचे १२०० हे मोकळ्या हवेत, पाइप न जोडता मिळणारे आकडे असतात. मी बाहेरच्या तोंडाशी वेगमापक धरून पाच-सहा जागी वेग मोजला, सरासरी सेकंदाला ८ मीटर आली. हिशेब केला तर ताशी जेमतेम २३० घनमीटर. मोटर सर्वांत वरच्या वेगावर होती. कानठळ्या बसवणारा आवाज त्या कोंडमाऱ्याचाच होता.

त्यात चिमणी शेगडीपासून छत्तीस इंचांवर. बहुतेक कंपन्या साधारण ६५ ते ७५ सेंटिमीटर, म्हणजे सव्वीस ते तीस इंच सांगतात. घरातले काका उंच, डोके आपटू नये म्हणून त्यांनी वर घ्यायला लावली होती. धुराचा लोट वर जाताना पसरत जातो. दहा इंच जास्त अंतरात तो चिमणीच्या कडांच्या बाहेर गेला की मग यंत्र कितीही ताकदीचे असो, पकडायला हाती काही उरत नाही.

पाणी कुठले

हे सगळे दिसत होते तरी तक्रार गळतीची होती, आणि तिचे उत्तर मला सोपे वाटले. भिंतीतल्या भोकाचा ढाळ आतल्या बाजूला होता, बाहेर साधी जाळी. पश्चिमेचा पाऊस आडवा येतो, सरळ पाइपात शिरतो आणि उतारावरून चिमणीत. मी बाहेर खाली तोंड असलेली स्टीलची टोपी बसवली, पाइपभोवतीच्या फटी भरून घेतल्या, रिड्यूसरचे जोड अॅल्युमिनियम टेपने बंद केले आणि मोठ्या कामाची चर्चा पाऊस संपल्यावर करू असे सांगून निघालो.

चार दिवस थेंब पडला नाही. पाचव्या दिवशी फोन. "आज सकाळपासून ऊन आहे, रस्ते सुकलेत. मग हे पाणी कुठलं?"

काकूंनी एक काम फार चांगले केले होते. शेगडीच्या कडेला स्टीलची वाटी ठेवून, रोज किती पाणी जमले ते भिंतीवरच्या कॅलेंडरवर त्या लिहीत होत्या. आणि शेजारी त्या दिवशी काय रांधले तेही. कॅलेंडर वाचले तेव्हा माझी चूक समोर आली. पाऊस असलेल्या काही दिवशी वाटी कोरडी होती. पण ज्या दिवशी सकाळी पेज झाली, त्या दिवशी वाटीत पाणी होतेच. उकड्या तांदळाची पेज मोठ्या टोपात, झाकण न ठेवता तासभर रटरटते. त्यात अर्धा लिटर तरी पाणी वाफ होऊन उडते. ही वाफ पातळ अॅल्युमिनियमच्या पाइपात शिरली, पाइप बाहेरच्या भिंतीजवळ पावसाने गार झालेला, हवा जेमतेम सरकणारी. वाफेचे पाणी तिथेच झाले आणि झोळात साचत राहिले. पाइप खाली उतरवला तेव्हा दोन्ही झोळांतून मिळून पेलाभर तपकिरी पाणी निघाले. घड्यांत अडकलेले जुने तेल त्यात मिसळत होते, म्हणून तो रंग.

त्यामुळे पाणी दोन होते. एक बाहेरून येणारे, एक आतून बनणारे. टोपीने पहिले थांबवले. दुसरे थांबवायला हवेचा मार्गच बदलावा लागणार होता. मी केवळ काय गळते एवढेच विचारले, कधी गळते हे विचारायला हवे होते.

या सुमारास दुकानातून दुसरा सल्ला आला. पाइपच काढून टाका, कोळशाचा फिल्टर लावा, हवा गाळून परत खोलीत सोडा. काका जवळजवळ तयार झाले होते. मी ठामपणे नको म्हटले, आणि कारण त्यांना हिशेबाने दाखवले. कोळसा वास काही प्रमाणात शोषतो, तोही काही महिनेच, मग बदलावा लागतो. पण वाफ तो अडवत नाही. आणि वाफ फक्त पेजेची नसते. एक किलो एलपीजी जळला की दीड किलोहून थोडे अधिक पाणी वाफेच्या रूपात तयार होते, कारण वायूतला हायड्रोजन हवेतल्या ऑक्सिजनशी जुळून पाणीच होतो. १४.२ किलोचा एक सिलिंडर संपेपर्यंत बावीस लिटरच्या आसपास पाणी तुमच्या स्वयंपाकघरात सोडले जाते. जिथे जुलैत कपाटातल्या चपलांना बुरशी येते, तिथे हे पाणी घरातच फिरवत ठेवायचे? काका थोडा वेळ गप्प बसले आणि म्हणाले, "बावीस लिटर म्हणजे दोन कळश्या झाल्या की." विषय तिथेच संपला.

नवा मार्ग

चिमणीच्या पाठीमागेच उत्तरेची गॅलरी आहे हे मी सुरुवातीला सांगितले. तिकडून गेलो तर पाइप अडीच फूट वर, एक वळण, भिंत पार, आणि गॅलरीतून चार फूट सरळ ग्रिलबाहेर. सगळे मिळून सुमारे सव्वासात फूट आणि एकच वळण. पहिल्या फिटरने हा मार्ग का घेतला नाही? चिऱ्याच्या भिंतीत सहा इंची भोक पाडायचे यंत्र त्याच्याकडे नव्हते, आणि पश्चिमेला चार इंची भोक तयार होते. तयार भोक पाहून हवेचा मार्ग ठरवायचा, ही आपल्याकडची सर्वांत महागात पडणारी काटकसर आहे असे माझे मत झाले आहे.

उत्तरेचा दुसरा फायदा वाऱ्याचा. पावसाळ्यात गोव्याच्या किनाऱ्यासाठी ताशी ५०-६० किलोमीटरच्या झोतांचे इशारे नवे नाहीत. सेकंदाला १५ मीटरचा, म्हणजे ताशी ५४ किलोमीटरचा झोत भिंतीवर सरळ आदळला तर सव्वाशे पास्कलच्या पुढे दाब देतो. घरगुती चिमणीच्या पंख्याला एवढ्या दाबाशी झुंजत हवा बाहेर काढायची म्हणजे त्याचा बराच जोर तिथेच खर्च होतो. उत्तरेच्या भिंतीवरून तोच वारा बाजूने निसटून जातो.

काम ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात, दोन दिवस पावसाने उघडीप दिली तेव्हा उरकले. चिऱ्यात कोअर कटर (गोल भोक कापणारे यंत्र) चालवणे हे काँक्रीटपेक्षा वेगळे प्रकरण. चिरा खाणीतून निघतो तेव्हा मऊ असतो, हवा लागून वरून कडक होतो, पण आत छिद्रे राहतातच. घाई केली की पलीकडच्या तोंडाशी ताटाएवढा तुकडा निखळतो. आम्ही आधी बारीक ड्रिलने आरपार खूणभोक घेतले, वर तुळई नाही आणि भिंतीत वायरची नळी नाही याची खात्री केली, मग दोन्ही बाजूंनी अर्धे-अर्धे कापले. नऊ इंचांच्या जाडीत अर्धा इंच ढाळ बाहेरच्या बाजूला. भोकात जस्ताच्या पत्र्याचे नळकांडे बसवून भोवती पाणी न झिरपणारा सिमेंटचा मसाला दाबून भरला. चिऱ्यात नुसता पाइप घालून सिलिकॉन मारले तर पाणी दगडाच्या छिद्रांतून वळसा घेऊन आत येते, आणि मग लोक चिमणीला दोष देतात.

पाइप सहा इंची, गुळगुळीत, कडक पत्र्याचा. काकांनी विचारले, सांडपाण्याचा पीव्हीसी पाइप स्वस्त पडला असता ना? पडला असता. पण पीव्हीसी ऐंशी अंशांच्या आसपास मऊ पडतो, आणि कढईतल्या तेलाने पेट घेतला तर तो विषारी धूर सोडतो. पंख्याच्या तोंडापासून वळणापर्यंत फक्त दीड फूट लवचिक पाइप ठेवला, पूर्ण ताणून, म्हणजे मोटरचा थरथराट भिंतीला लागत नाही. बाहेरच्या तोंडाला स्टीलची टोपी, आत कावळे-चिमण्यांसाठी मोठ्या भोकांची जाळी. डासांची बारीक जाळी तिथे कधीच लावू नये, महिन्याभरात तेलाने बुजते. टोपीचे तोंड खाली आणि थोडे पूर्वेला वळवले, म्हणजे वरच्या मजल्यावरच्या वहिनींच्या खिडकीकडे वास जाणार नाही. (वास्को, मिरामार किंवा कोलव्यासारख्या समुद्राकाठच्या वाचकांनी टोपी आणि स्क्रू एकाच धातूचे घ्यावेत. अॅल्युमिनियमच्या टोपीला स्टीलचे स्क्रू लावले की खाऱ्या हवेत स्क्रूभोवतीचे अॅल्युमिनियम पांढरी पूड होऊन झडते.)

जुना रिड्यूसर काढताना आणखी एक गोष्ट सापडली. पंख्याच्या तोंडावर प्लास्टिकची दोन पंखांची झडप असते. पंखा सुरू झाला की उघडते, बंद झाला की मिटते, बाहेरचा वारा आत येऊ देत नाही. रिड्यूसर पक्का करायला मारलेले दोन लांब स्क्रू नेमके तिच्या वाटेत आले होते. एक पंख अर्धाच उघडत होता. आठ महिने ती चिमणी अर्धे तोंड बंद ठेवून श्वास घेत होती.

चिमणी अठ्ठावीस इंचांवर उतरवली. काकांना ओट्यासमोर वाकून दाखवावे लागले की डोके लागत नाही.

मग वेग मोजला. सहा इंची तोंडाशी सरासरी ९ मीटर, म्हणजे ताशी ५९० घनमीटरच्या जवळ. पूर्वीच्या अडीच पट, आणि तेही मधल्या वेगावर. काकू ओट्याशी उभ्या राहून नेहमीच्या आवाजात बोलत होत्या आणि मला ऐकू येत होते. मी सामान आवरायला घेतले.

उदबत्ती

सामान आवरताना काकूंनी पश्चिमेची खिडकी लावली, कारण सरीचे चार थेंब आले. बैठकीच्या खोल्यांच्या खिडक्या आधीच बंद होत्या. दोन मिनिटांत न्हाणीच्या मोरीचा वास स्वयंपाकघरात आला. "हा वास पूर्वी नव्हता," काकू म्हणाल्या.

माझ्या पोटात गोळा आला. हॉटेलात आम्ही डक्ट जितकी हवा काढतो तितकी ताजी हवा आत देण्याचे यंत्र लावतो, तो हिशेब रोजचा. घरात आलो आणि विसरलो. ताशी ६०० घनमीटर हवा बाहेर जाते तर तेवढीच कुठून तरी आत आलीच पाहिजे. सरळ वाट दिली नाही तर ती मोरीतून, सांध्यांतून आणि न्हाणीघराच्या खिडकीतून खेचली जाणार. चिमणी कमकुवत होती तोवर हे झाकलेले होते. मी ती सुधारली आणि धोका उघडा पडला.

देवघरातली उदबत्ती घेऊन न्हाणीघराच्या खिडकीशी धरली. धूर सरळ आत वळला. दारातल्या जाळीशी धरली, तोही स्वयंपाकघराकडे वाहू लागला. आता समजा, काका न्हाणीघरात आहेत, गॅस गीझर पेटलेला आहे आणि काकू बाहेर चिमणी लावून मासे तळताहेत. गीझरच्या जळणाची हवा खिडकीतून बाहेर जायची, ती उलट घरात फिरणार. पुरेसा ऑक्सिजन न मिळता वायू जळला की कार्बन मोनॉक्साइड होतो. त्याला रंग नाही, वास नाही, डोके दुखू लागले तरी कारण लक्षात येत नाही, आणि पुढे माणसाला उठायची ताकद राहत नाही.

मी काकांना स्पष्ट सांगितले की गीझर बंद ठेवल्याशिवाय मी चिमणी चालू ठेवून जाणार नाही. ते थोडे नाराज झाले. गीझर पाच वर्षे बिनतक्रार चालला होता. पण काकूंनी उठून त्याचा कॉक बंद केला. पुढच्या आठवड्यात विजेचा गीझर आला. हे सगळ्या प्रकरणातले सर्वांत महत्त्वाचे काम होते आणि त्यासाठी माझे एकही अवजार लागले नाही. ज्या घरात न्हाणीघरात किंवा स्वयंपाकघरात उघडा जळणारा गॅस गीझर आहे तिथे मोठी चिमणी लावण्याआधी गीझर बाहेर काढा, अशी माझी हात जोडून विनंती आहे.

हवा आत येण्याची वाट मग नीट ठरवली. पश्चिमेची खिडकी पावसात उघडता येत नाही, शिवाय ती शेगडीच्या इतकी जवळ की वारा धूर चिमणीखालून पळवून नेतो. जेवणाच्या खोलीला पूर्वेची खिडकी आहे. नैर्ऋत्येच्या पावसात ती आडोशाला राहते, तिथून थेंबही येत नाही. तिच्या वरच्या भागातली काच काढून दीड फूट बाय एक फुटाची तिरप्या पट्ट्यांची कायमची झडप बसवली. सेकंदाला दीड मीटरच्या वेगाने हवा यायची तर सव्वा चौरस फूट मोकळी जागा लागते. पट्ट्यांनी अडवलेला भाग वजा जाता आपल्याला एक फूट मिळाली, थोडी कमी, पण स्वयंपाकघराचे दार उघडे असते तेव्हा चालते. झडप झाल्यावर सर्व खिडक्या लावून पुन्हा उदबत्ती. न्हाणीघराच्या खिडकीशी धूर सरळ वर जात राहिला. झडपेशी मात्र तो ताणलेल्या दोरीसारखा आत आला. सावईवेऱ्याच्या घराचे मागचे दार ढवळीत परत आले ते असे.

त्यानंतर

श्रावण ५ ऑगस्टला लागला होता, त्यामुळे मासे तळून पाहायची सोय नव्हती. पहिली परीक्षा चवथीची, म्हणजे गणेश चतुर्थीची. २०२४ ची चवथ ७ सप्टेंबरला होती. आदल्या दोन दिवसांत काकूंनी आणि त्यांच्या जावेने मिळून नेवऱ्यांचे (करंज्यांचे) तीन मोठे घाणे काढले, आणि हळदीच्या पानांतल्या पातोळ्या वाफवल्या. दुसऱ्या दिवशी त्यांचा निरोप आला, माटोळीला (गणपतीच्या वर टांगलेल्या चौकटीला) बांधलेल्या फळांना या वेळी तेलाचा वास लागला नाही. मला हा शेरा मोजमापापेक्षा मोठा वाटला.

चवथ झाल्यावर बांगडे आले. खोबरेल तेलात रवा लावून तळलेला बांगडा हा कुठल्याही चिमणीला जड जाणारा पदार्थ. घाण्याचे न गाळलेले खोबरेल पावणेदोनशे अंशांच्या पुढे धूर सोडू लागते, आणि तव्यावर सांडलेला रवा जळून त्यात भर घालतो. एक सवय काकूंना बदलायला सांगितली होती: तवा पुढच्या मोठ्या बर्नरऐवजी मागच्यावर ठेवायचा, आणि चिमणी तवा तापायला ठेवतानाच लावायची, मासा टाकताना नाही. पुढच्या बर्नरचा धूर अजूनही थोडा कडेने निसटतो. तेवढा निसटणारच.

तेलाचे भांडे त्या दर पंधरवड्याने रिकामे करतात. ही चिमणी बिनजाळीची, स्वतः तापून तेल वितळवणारी आहे, आणि अशा यंत्रात बरेचसे तेल पंख्यावर आणि पुढे पाइपात जाते. म्हणून वळणाशी एक हाताने निघणारा क्लॅम्प ठेवला आहे, वर्षातून एकदा आतून पुसायला. मार्चमध्ये मी स्वतः उघडून पाहिले. बोटाला लागेल इतकाच थर होता.

२०२५ चा पाऊस लवकर आला, केरळात २४ मेलाच पोचला आणि गोव्यातही मे संपायच्या आत जोरात लागला. मी जूनच्या मध्याला गेलो. ओट्याच्या कडेला ती स्टीलची वाटी अजून ठेवलेली होती, आता त्यात लसूण होता. कॅलेंडरवर पाण्याची नोंद एकाही दिवशी नव्हती. काकू सुके बांगडे भाजत होत्या, आणि मला वास जिन्यात नाही, घरात शिरल्यावर लागला.

दोन गोष्टी राहिल्या आहेत. जोराचा झोत आला की पाइपातली झडप रात्री टक्-टक् वाजते. तिच्या कडेला रबराची पातळ पट्टी लावून पाहणार आहे. आणि पश्चिमेच्या भिंतीवर जुन्या भोकाखाली तेलाचा जो हातभर लांब ओघळ उमटला आहे, तो दोन पावसाळ्यांनंतरही गेलेला नाही. वरच्या वहिनी म्हणाल्या, इमारतीला रंग लावतील तेव्हा बघू.